दारू पिऊन मारामारी करणारा तो जॅकी चॅन

प्रश्न: लहानपणी गल्लीत व्हीसीआर भाड्याने आणून जॅकी चॅनचा दारू पिऊन फाइट करायचा पिक्चर बघायचो. आता मुलगी १२ वर्षांची झालीये, कराटेला जाते, तिला दाखवावा म्हणतोय. मला शेवटचे निखारे आठवतात, मित्र म्हणतो निखारेबिखारे काही नाही, लाल नाकाचा म्हातारा गुरू होता. नक्की कुठला? आणि दारूचं काय सांगायचं तिला?
– एक वाचक, सांगली

उत्तर: दोघंही बरोबर आहात, कारण पिक्चर दोन आहेत. म्हातारा गुरू १९७८च्या 'ड्रंकन मास्टर'मधला आणि निखारे १९९४च्या दुसऱ्या भागातले (ते निखारे खरे होते आणि जॅकी त्यांच्यावर खरंच पडला होता). आधी १९७८चाच दाखवा, बिनधास्त.

तो बघताना एक गोष्ट माहीत असली की डबल मजा येते. हिरो वाँग फेई-हाँग हा खराखुरा माणूस, दक्षिण चीनमधला वैद्य आणि कुंगफूचा मास्तर, आणि हाँगकाँगच्या पडद्यावर १९४९पासून क्वान तक-हिंग या नटाने त्याला इतक्या पिक्चरमध्ये गंभीर, शिस्तीचा, आदरणीय गुरुजी म्हणून उभा केला होता की लोकांच्या डोक्यात तीच मूर्ती पक्की बसलेली. डायरेक्टर युएन वो-पिंगने काय केलं, तर त्याच गुरुजींना वांड कार्टं करून टाकलं, फुकटात खाऊन हॉटेलातून पळणारं, बापाचा मार खाणारं. आपल्याकडे व्हिडिओवर बघताना हे कुणाला ठाऊक असणार, तरी आपण हसलोच, कारण सगळा विनोद अंगात आहे, डायलॉगमध्ये नाही.

ट्रेनिंगचा सीन नीट बघा. जॅकी पाय वर अडकवून उलटा लटकलाय, खाली पाण्याची बादली, वर दुसरी बादली, हातात इवलेसे कप, आणि प्रत्येक वेळी पोटाच्या जोरावर वर उठून दोन घोट पाणी ओतायचं. कॅमेरा लांब ठेवलाय, अख्खा माणूस दिसतो, त्यामुळे जोर कुठे लागतोय ते कळतं, आजकालच्या अॅक्शनमध्ये दर सेकंदाला कट मारतात तिथे हे दिसतच नाही. कराटेवाल्या मुलीला तर हे लगेच कळेल.

तो गुरू म्हणजे युएन सिउ-तिएन, डायरेक्टरचे सख्खे वडील, आयुष्यभर छोटीमोठी कामं केली आणि म्हातारपणी अचानक स्टार झाले, पण पुढच्याच वर्षी गेले. मला त्यांच्यासाठीच हा पिक्चर परत परत बघावासा वाटतो.

दारूबद्दल सरळ सांगा की ही स्टाइल खरी आहे पण ती दारुड्याची नक्कल आहे, झोकांड्या खाल्ल्यासारखं दाखवायचं आणि तोल मात्र जराही जाऊ द्यायचा नाही, शिकणारे ती शुद्धीतच करतात. पिक्चरमध्ये हिरो पितो ते खरं, आणि सुरुवातीला बाजारात तो एका मुलीची छेडही काढतो, ते आता बघताना खटकतं. पण तिथल्या तिथे त्या मुलीची आई त्याला असा धुते की विचारू नका, आणि नंतर कळतं ती त्याची आत्याच. तेवढ्यावर मुलीशी बोला, कापू नका.

शेवटची फाइट व्हिलन झालेल्या ह्वांग जांग-लीशी, त्याच्या लाथा बघून आजही पोटात गोळा येतो. चिनी दंतकथांमधल्या आठ सिद्धांच्या आठ स्टाइल शिकायच्या होत्या, त्यातली 'हो' नावाच्या बाईची याने 'हे काय बायकी' म्हणून शिकलीच नाही, आणि ऐन वेळी नेमकी तीच लागते, मग गडी जागच्या जागी स्वतःचीच बनवतो. मुलीच्या शेजारी बसून बघा हा भाग.

इंग्लिश डबिंग शक्यतो टाळा, कँटोनीज आवाज आणि सबटायटल्स लावा. आवडला तर पुढच्या रविवारी १९९४चा लावा, त्यात जॅकीच्या सावत्र आईचं काम करणारी अनिता मुई प्रत्यक्षात त्याच्याहून ९ वर्षांनी लहान होती आणि कॉमेडीत चक्क त्याला खाऊन टाकते.