फायली सांभाळणं हे कारकुनी काम नव्हे

नमस्कार ताई,

तुमचा मुलगा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स करून अंबडच्या एका कंपनीत सहा महिन्यांसाठी ट्रेनी म्हणून लागला आहे. आकडेवारीचे रिपोर्ट दाखवणाऱ्या ॲनालिटिक्स सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन, म्हणजे सेटिंगच्या, फायली बदलायच्या, बॅकअप घ्यायचा, कोणाला कोणता रिपोर्ट दिसावा ते बघायचं, एवढंच त्याचं काम. ‘हे कारकुनी काम सोडून त्याला दीड लाखाचा डेटा सायन्सचा क्लास लावू का,’ असं तुम्ही सिडकोतून विचारलंय.

आत्ता सोडायला लावू नका. मात्र सांगितलेल्या कमांड नुसत्या टाइप करत तो सहा महिने काढणार असेल, तर तुमची शंका खरी ठरेल. या कामात किंमत आहे ती ‘का’ कळण्याला.

पोस्टग्रेस या डेटाबेसचंच, म्हणजे माहिती साठवणाऱ्या सॉफ्टवेअरचंच, बघा. कोणी कुठून कोणत्या डेटाबेसला जोडायचं, हे पीजी_एचबीए नावाच्या फायलीत लिहिलेलं असतं. नियम वरून खाली वाचले जातात आणि जुळणारा पहिला नियम लागू होतो, पुढचे बघितलेच जात नाहीत. घाईत कोणी सगळ्यात वर ‘ट्रस्ट’ची ओळ टाकली, तर खाली कितीही कडक नियम असोत, त्या पत्त्यावरून बिनपासवर्डचा प्रवेश खुला झाला. फाइल सेव्ह केल्यावर रीलोडही करावं लागतं, म्हणजे सर्व्हरला ती पुन्हा वाचायला लावावं लागतं. मॅक्स_कनेक्शन्ससारख्या (एका वेळी किती जोडण्या चालतील ते ठरवणाऱ्या) सेटिंगला तर रीलोडही पुरत नाही, रीस्टार्टच हवा. म्हणून आज केलेली चूक तीन महिने झोपून राहते. मग एखाद्या रात्री सर्व्हर रीस्टार्ट होतो, उठतच नाही, आणि काय बदललं होतं ते कोणालाच आठवत नाही. प्रत्येक बदलाआधी तारखेसह जुनी प्रत ठेवणं आणि बदलाचं कारण एका ओळीत लिहिणं, ही सवय त्याला आत्ताच लागू द्या.

बॅकअपबद्दल त्याला एक प्रश्न विचारा: ‘यातून सर्व्हर परत उभा करून बघितलास का?’ टॅब्लो सर्व्हर या रिपोर्ट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बॅकअप फायलीत वर्कबुक (रिपोर्टच्या फायली), युजर, परवानग्या येतात. सर्व्हरची कॉन्फिगरेशन येत नाही, ती ‘टीएसएम सेटिंग्ज एक्सपोर्ट’ या कमांडने वेगळी काढावी लागते. सुपरसेट या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जोडलेल्या डेटाबेसांचे पासवर्ड सीक्रेट की, म्हणजे एक गुप्त अक्षरमाला, वापरून एन्क्रिप्ट केलेले (सांकेतिक रूपात ठेवलेले) असतात. डेटाचा बॅकअप आहे पण की हरवली, तर ते पासवर्ड उलगडत नाहीत, सगळे पुन्हा भरत बसा. मूळ सेटिंगमधली की तशीच ठेवणं तर त्याहून वाईट, कारण ती जगाला माहीत असते. त्यातून कोणीही ॲडमिन बनून आत येऊ शकतं हे 2023 मध्ये उघड झालं, आणि 2.1 आवृत्तीपासून तशी की असेल तर सुपरसेट सुरूच होत नाही.

अशी की किंवा पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही, गिटमध्ये (फायलींच्या सगळ्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) टाकायचा नाही. गिटमधून फाइल काढली तरी ती इतिहासात राहते. चुकून गेलाच, तर पासवर्डच बदलायचा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर खासगी कीच्या फायलीला परवानगी 600, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी. ‘चालत नाही’ म्हणून 777, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं, करणाऱ्याचं बघून शिकू नये.

या कामाला पुढे मागणी राहील का, अशीही तुम्हाला काळजी आहे. एक उदाहरण घ्या. सार्वजनिक वेबसाइटची टीएलएस सर्टिफिकेट, म्हणजे साइटची ओळख पटवणारे डिजिटल दाखले, पूर्वी कमाल 398 दिवस चालत. ही मुदत 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, 2027 मध्ये 100 आणि 2029 मध्ये 47 दिवस अशी ठरली आहे. नूतनीकरण हाताने करणाऱ्यांची दमछाक होणार. ते स्क्रिप्टने करून, आधी इशारा मिळण्याची सोय लावणारा माणूस लागणारच.

घरी सराव करायला पैसे लागत नाहीत. 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा, व्हर्च्युअल संगणक चालवणारं सॉफ्टवेअर), त्यात 4 जीबी देऊन उबुंटू लिनक्स, वर पोस्टग्रेस आणि सुपरसेट. थोडं हळू चालेल, शिकायला पुरेल. दोन-तीन डॅशबोर्ड बनवावेत, बॅकअप मशीनबाहेर ठेवावा आणि मग ते व्हर्च्युअल मशीन चक्क पुसून टाकावं. कोऱ्या मशीनवर सगळं परत उभं करताना किती वेळ गेला, काय राहून गेलं, हे वहीत लिहावं. पहिल्या खेपेला काहीतरी राहतंच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती वही मुलाखतीत दाखवण्याजोगी होते, आणि माझ्या मते ती क्लासच्या प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलते.

क्लासचा विचार सहा महिन्यांनंतर करा. तोवर त्याचा कल आकडेमोडीकडे आहे की सर्व्हरकडे, हे त्यालाच कळलेलं असेल. सर्व्हरकडे असेल, तर ते पैसे डेटा सायन्सवर नकोत, लिनक्स आणि नेटवर्किंगवर लावा.