कोळंबीची ॲलर्जी : गोळी कुठवर पुरते?

प्रश्न : माझी बहीण (वय 34) लहानपणापासून कोळंबी खात आली आहे. वर्षभरापासून मात्र खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात. सेटिरिझिनची गोळी घेतली की त्या बसतात. मागच्या महिन्यात ओठ सुजले, आवाज घोगरा झाला आणि धाप लागली. आधीच गोळी घेऊन खाल्ले तर चालेल का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अजिबात चालणार नाही. कोळंबीची ॲलर्जी मोठेपणीही नव्याने सुरू होते, त्यामुळे इतकी वर्षे सोसली या गोष्टीला येथे अर्थ नाही. कोळंबीतील प्रथिनांविरुद्ध, बहुधा ट्रोपोमायोसिनविरुद्ध, तयार झालेली आयजीई (ॲलर्जी घडवणारी) प्रतिपिंडे त्वचेतील, श्वासमार्गातील आणि आतड्यातील मास्ट पेशींवर बसलेली असतात. ते प्रथिन पुन्हा पोटात गेले की या पेशी हिस्टामिनसह अनेक रसायने एकदम सोडतात. गोळी त्यांपैकी केवळ हिस्टामिनला अडवते. गांधी बसतात, खाज थांबते आणि घरच्यांना वाटते की संकट टळले. पण आवळलेली श्वासनलिका किंवा घसरणारा रक्तदाब गोळीला आवरत नाही.

मागच्या महिन्यातील लक्षणे ॲनाफिलॅक्सिसची, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या तीव्र ॲलर्जीची, होती असे मानूनच पुढे वागावे. त्यावरचे पहिले औषध ॲड्रेनलिन. प्रौढांना त्याचे 0.5 मिलिग्रॅमचे इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत देतात आणि उतार न पडल्यास 5 मिनिटांनी पुन्हा देतात. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला काही तास लागतात, म्हणून त्याच्या भरवशावर थांबू नये. रुग्णालयात पोहोचेपर्यंत रुग्णाला पाय उंच करून आडवे ठेवावे. धाप असल्यास बसवावे, पण चालवू नये. बरे वाटले तरी काही तास देखरेखीखाली राहणे आवश्यक असते, कारण लक्षणे पुन्हा उसळू शकतात.

हे प्रथिन शिजवून नष्ट होत नाही. सोडे आणि जवळा म्हणजे वाळवलेली कोळंबीच, तेव्हा चटणीतला चिमूटभर जवळाही वर्ज्य. खेकडा आणि शेवंडही (लॉब्स्टर) तपासणी होईपर्यंत टाळावीत. बांगडा-सुरमईची ॲलर्जी वेगळ्या प्रथिनामुळे होते, त्यामुळे मासे कदाचित चालतील, मात्र कोळंबी तळलेल्या तेलात तळलेले नकोत. ॲलर्जीतज्ज्ञांकडून त्वचेची प्रिक चाचणी (त्वचेला किंचित टोचून केलेली ॲलर्जीची तपासणी) करून घ्यावी. त्याआधी सेटिरिझिन किती दिवस बंद ठेवायची आणि ॲड्रेनलिन जवळ कसे बाळगायचे, हे त्यांनाच विचारावे.