कुत्र्याच्या पिल्लाला हुकवर्म (आतड्यातले जंत) निघालेत, अंगणात अनवाणी खेळणाऱ्या मुलाला होतील का?

होऊ शकतात, पण बहुतेक वेळा पोटात नाही, कातडीत. कुत्र्याच्या शीतली जंतांची अंडी ओल्या, उबदार मातीत फुटतात आणि आठवडाभरात अळ्या अनवाणी पायातून आत शिरतात. आमच्या सांगलीकडे पावसाळ्यात, उसाला पाणी सोडल्यावर अशी माती सगळीकडेच असते. माझ्या पुतण्याच्या तळपायावर दोऱ्यासारखी लाल, वळणावळणाची रेघ उठली होती. रोज थोडी पुढे सरकायची, रात्री खाजून पोर रडायचं. घरात सगळे नायटा समजून मलम चोळत बसले. तसं करू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, गोळीनं बरं होतं.

खरी काळजी पिल्लाची करा. हे किडे आतड्याला चिकटून रक्त पितात. ओठ वर करून हिरड्या बघा. पांढऱ्या फटक असतील किंवा शी डांबरासारखी काळी असेल तर आजच जनावरांच्या दवाखान्यात न्या, उद्यावर टाकू नका. आईच्या दुधातूनही जंत येतात, म्हणून औषध दोन आठवड्यांच्या वयापासून, वजनावर, आईलाही द्यायचं. माणसाची गोळी अंदाजानं मोडून देऊ नका.

अंगणातली घाण रोज उचला, पोराला चप्पल घाला.