आधी ती तारीख लिहून काढ

प्रिय मुली,

पाळी चुकल्याचं कळल्यापासून तू दिवस मोजते आहेस, पण बहुतेक चुकीच्या ठिकाणापासून. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी चुकून आठवडा उलटला की हिशेबाने पाच आठवडे झालेले असतात. तुझ्या वयात पाळी मागेपुढे होते, मधे थोडे डाग पडले तरी मुली तीच पाळी धरतात, आणि ‘तीन महिने झाले असतील’ म्हणणारीच्या सोनोग्राफीत 18 आठवडे निघतात. म्हणून शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसाची ती तारीख आजच कागदावर लिही. गरोदरपणा तपासायचं किट सकाळच्या पहिल्या लघवीवर वापर. एकच रेघ आली आणि तरी पाळी येईना, तर आठवड्याने पुन्हा तपास.

आठवड्यांचा एवढा घोळ घालते आहे कारण कायदा त्यावर चालतो. गर्भपातासाठी 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. 20 ते 24 मध्ये दोघांचं लागतं. अल्पवयीन मुलींना ही मुदत आहे. त्यापुढे बहुतेक वेळा कोर्टाची पायरी चढावी लागते. तू 18 च्या आतली, म्हणून सही पालकांची लागेल. पण तुला काय हवं ते डॉक्टरांना तू स्वतःच्या तोंडाने सांग.

मैत्रिणीने आणून दिलेल्या गोळ्या घेऊ नको. त्या 9 आठवड्यांपर्यंतच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायच्या असतात. दिवस जास्त असले तर गर्भपात अर्धवट राहतो. गर्भ नळीत असेल तर नळी फुटू शकते. पपई आणि काढ्यांनी फक्त आठवडे जातात. गोळ्या घेऊन झाल्याच असतील आणि तासाला दोन पॅड असे सलग दोन तास भिजत असतील, तर न्हाणीघरात लपून बसू नको, 108 लाव आणि काय घेतलं ते खरं सांग.

तुझी खरी भीती पोलिसांची असेल. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात 18 च्या आतल्या मुलीची संमती धरतच नाहीत, त्यामुळे डॉक्टरांनी पोलिसांना कळवणं सक्तीचं असतं. मात्र 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी तिचं नाव उघड करायची गरज नाही. ही विनंती पहिल्याच भेटीत करा. जबाब घ्यायची वेळ आलीच तर तो गणवेश नसलेल्या अधिकाऱ्याने, शक्यतो महिलेने, तुझ्या घरी किंवा तू सांगशील तिथे घ्यायचा असतो. रात्री ठाण्यात बसवून ठेवता येत नाही. जबरदस्ती झाली असेल तर तेही त्या जबाबातच सांग.

घरात ‘लग्न लावून मोकळं होऊ’ हा सूर निघेल. याला माझा साफ विरोध आहे. लग्नाने पोक्सो मिटत नाही. उलट बालविवाहाचा दुसरा गुन्हा उभा राहतो, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड, आणि लावून देणाऱ्यांत आईबापही येतात. दुसरी पळवाट म्हणजे पोरीला गुपचूप नाशिकच्या पेठ-सुरगाण्याकडे नातेवाइकांकडे धाडायचं. तिथे नोंदणी होत नाही, तपासण्या चुकतात, आणि मुलगी थेट कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात पोचते.

बाळ ठेवायचं ठरलं तर 12 आठवड्यांच्या आत आशाताईकडे नाव नोंदव, एकूण किमान चार तपासण्या कर. तपासण्यांचं कार्ड कायम जवळ ठेव, द्राक्षाच्या कामाला घर दिंडोरी-निफाडला हललं तरी. तुझंच शरीर अजून वाढतं आहे, म्हणून रक्त कमी पडणं, रक्तदाब चढणं, बाळ अडीच किलोच्या आत भरणं हे धोके जास्त. लोहाची गोळी रोज एक, 180 दिवस. चहासोबत नाही, लिंबूपाण्यासोबत. शौचाला काळं होतं, घाबरू नको. कॅल्शियम वेगळ्या वेळी. डोकं ठणकलं, डोळ्यापुढे अंधारी आली, चेहरा सुजला तर तपासणीच्या तारखेची वाट पाहायची नाही. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर आणि औषधं मोफत आहेत. बाळ सांभाळणं झेपणार नसेल तर परस्पर कुणाच्या ओटीत घालू नका. बाल कल्याण समितीकडे सोपवता येतं, आणि फेरविचाराला 60 दिवस मिळतात.

शाळेचा दाखला घाईत काढू नको. वर्ष बुडालंच तर 17 नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावी बाहेरून देता येते, पुढे पदवीला आपल्या नाशिकजवळच्या गोवर्धनचं मुक्त विद्यापीठ आहे.

आता आईला सांगायचं. घरात दुसरं कुणी नसताना सांग, आणि लांबण लावू नको: ‘आई, माझी पाळी अमुक तारखेपासून आली नाही. किटवर दोन रेघा आल्यात. उद्या माझ्याबरोबर सिव्हिलला चल.’ ती आधी मुलाचं नाव विचारेल. डॉक्टरकडून आल्यावर सांगते म्हण. हात उठेल अशी भीती असेल तर आधी मावशी, आत्या किंवा वर्गशिक्षिकेला मधे घे, नाहीतर 1098 ला फोन कर. तो फोन फुकट आहे, रात्रीही उचलतात. जाताना आधार कार्ड, तो तारखेचा कागद आणि काही घेतलं असेल तर त्या गोळ्यांचं पाकीट बरोबर ठेव. सकाळी लवकर निघा, केसपेपरच्या खिडकीवर रांग असते.

तुझी,
ताई