फक्त स्टाफसाठीचं अ‍ॅप पब्लिक न करता अँड्रॉइड आणि आयफोनवर द्यायचं असेल तर सेटअप कसा करावा?

सगळ्यात आधी डेव्हलपर अकाउंट कंपनीच्या नावावर काढा, डेव्हलपरच्या पर्सनल जीमेलवर अजिबात नको, कारण तो माणूस सोडून गेला की अपडेट टाकायचेच वांधे होतात. अ‍ॅपलला कंपनीचा डन्स नंबर (D-U-N-S, कंपनीची ओळख पटवणारा नंबर) लागतो, तो फुकट मिळतो पण वेळ जातो, म्हणून कोडिंग सुरू व्हायच्या आधीच अर्ज टाका.

बरेच जण थेट अ‍ॅपलच्या एंटरप्राइझ प्रोग्रॅमच्या (अ‍ॅप स्टोअरबाहेर फक्त कर्मचाऱ्यांना अ‍ॅप वाटायची योजना) मागे लागतात, वर्षाला २९९ डॉलर आणि किमान १०० कर्मचारी ही अट, शिवाय त्याचं प्रोव्हिजनिंग प्रोफाइल (अ‍ॅपला फोनवर चालायची परवानगी देणारी फाइल) वर्षभराने एक्सपायर होतं आणि रिन्यू करायचं राहिलं की सगळ्यांच्या फोनवर अ‍ॅप उघडायचंच बंद, फील्डवरच्या लोकांचं काम ठप्प! माझ्या मते तुम्हाला त्याची गरज नाही, ९९ डॉलरचं साधं अकाउंट घ्या आणि अ‍ॅपल बिझनेस मॅनेजरमधून (कंपन्यांसाठीचं पोर्टल) फक्त तुमच्या कंपनीला दिसणारं कस्टम अ‍ॅप म्हणून द्या, रिव्ह्यू होतो पण ही कटकट मिटते. अँड्रॉइडला मॅनेज्ड गुगल प्लेमध्ये (प्ले स्टोअरची कंपन्यांसाठीची आवृत्ती) प्रायव्हेट अ‍ॅप टाका, सोपं आहे.

बिल्ड (कोडपासून अ‍ॅपची फाइल बनवणं) मात्र कुणाच्या लॅपटॉपवर करू नका, गिटहब अ‍ॅक्शन्स आणि फास्टलेन ही बिल्ड आपोआप करणारी टूल्स लावा, आयओएससाठी मॅक रनर (बिल्ड चालवणारा मॅक) लागेलच. कीस्टोअर (अँड्रॉइड अ‍ॅप साइन करायच्या कीची फाइल) आणि पासवर्ड गिटहबच्या सिक्रेट्समध्ये ठेवा, एक बॅकअप वेगळा, कारण एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल) स्वतः साइन करून वाटत असाल आणि की हरवली तर जुन्या इन्स्टॉलवर अपडेट बसतच नाही. आणि हो, जुन्या व्हिडिओंमध्ये मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅप सेंटर (बिल्ड करून अ‍ॅप वाटायची सर्व्हिस) सांगतात, ते मार्च २०२५ ला बंद झालंय.