कोल्हापुरात कौलांवर शेवाळ धरलंय, प्रेशर वॉशरनं धुतलं तर चालेल का?
नाही, कौलावर प्रेशर मारू नका आणि जुन्या सिमेंट पत्र्यावर तर वॉशर लावायचाच नाही, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, तंतू सुटून श्वासात जातात. मी छपरं धुवायचंच काम करतो. मंगळोरी कौलाचा वरचा थर फवाऱ्यानं सोलवटला की ते जास्त पाणी पितं, मग पुढच्या पावसाळ्यात शेवाळ आणखी लवकर धरतं, आणि खालून वर फवारा गेला तर पाणी जोडातून थेट वाशांवर. त्यापेक्षा पाऊस उघडल्यावर मऊ ब्रशनं घासा, ब्लीचिंगचं पातळ पाणी फवारा (अ‍ॅसिड चुकूनसुद्धा मिसळू नका, विषारी वायू होतो), थोड्या वेळानं साध्या पाइपनं वरून खाली धुवा. ओल्या कौलावर चढू नका, शिडीवरूनच करा. आरसीसी स्लॅब असेल तर वॉशर चालतो, फक्त वॉटरप्रूफिंगच्या कोटपासून नोझल लांब धरा.