कास्टिंग जवळून घ्यावी की लांबून: खर्च आणि कार्बन यांचा एकत्र हिशेब

वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यातल्या तुमच्या कारखान्याला व्हॉल्व्हच्या बॉडीसाठी बिडाची कास्टिंग (वितळलेले बीड साच्यात ओतून केलेले भाग) राजकोटहून घ्यावी की कोल्हापूरहून, हा तुमचा प्रश्न आहे. तुम्ही म्हणता तसा कोल्हापूरचा माल लांबचा आणि थोडा महाग, पण त्यात रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नापास होणारा माल, कमी. शिवाय तुमच्या वरिष्ठांनी खर्चाबरोबर कार्बनचाही आकडा मागितला आहे. वडोदऱ्यातच वीसहून अधिक वर्षे खरेदी आणि डिस्पॅच सांभाळत आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बहुतेकांचे लक्ष आधी गाडीकडे जाते, तर गाडीचाच हिशेब पाहू. नऊ टन माल भरलेला ट्रक लिटरमागे साडेचार किलोमीटर जातो असे धरा. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे एक टन माल एक किलोमीटर नेण्यामागे साधारण ६७ ग्रॅम. आता भट्टीकडे या. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत एक टन बीड वितळवायला सुमारे ६०० युनिट वीज लागते, आणि आपल्याकडची वीज अजून मुख्यतः कोळशावर होत असल्यामुळे युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर हे ४२० किलो होतात. याचा अर्थ, एक टन कास्टिंग नापास होऊन पुन्हा ओतावी लागली, तर कार्बनच्या दृष्टीने तोच टन तुम्ही ६,३०० किलोमीटर फिरवून आणल्यासारखे आहे. रिजेक्शनचा एक टक्का साधारण ६३ किलोमीटरांच्या बरोबरीचा पडतो.

राजकोट तुम्हाला तीनशे किलोमीटरांच्या आत आहे आणि कोल्हापूर आठशेच्या जवळपास. फरक पाचशेचा, म्हणून दोघांच्या रिजेक्शनमध्ये आठ टक्क्यांचे अंतर असेल तरच कोल्हापूर कार्बनमध्ये सरस ठरते. मात्र हा हिशेब, कास्टिंग आली त्याच दिवशी दोष दिसला, असे मानून केलेला आहे. प्रत्यक्षात तसे होत नाही. आमच्याकडे एकदा एका पुरवठादाराची लॉटच्या लॉट मशीनिंग पूर्ण झाल्यावर नापास झाली होती. बॉडी टेस्ट बेंचवर चढवून पाण्याचा दाब दिला की पहिल्या मिनिटात काही दिसत नसे. मग फ्लँजच्या कडेला घाम यावा तसा एक थेंब उभा राहायचा, पुसला तरी पुन्हा यायचा. आतल्या बारीक छिद्रांचा तो परिणाम. तोपर्यंत लेथवरचे तास, कटिंग टूल आणि वीज सगळे त्या बॉडीत ओतलेले असायचे, आणि परतीचे भाडे वेगळेच. म्हणून रिजेक्शन कोणत्या टप्प्यावर निघते हे अवश्य नोंदवा; उशिरा निघत असेल तर आठाचा आकडा बराच खाली येतो. पुरवठादाराची भट्टी विजेची आहे की कोकवर चालणारा क्युपोला आहे, हेही विचारून घ्या, कारण त्यावर ४२० हा आकडाच बदलतो.

दुसरी गोष्ट ऑर्डरच्या आकाराची, आणि माझ्या मते खरी संधी तिथेच आहे. ऑर्डरचा किफायती आकार काढण्याचे १९१३ सालचे फोर्ड हॅरिस यांचे सूत्र तुम्ही वापरतच असाल. त्याच्या खर्चाचा आलेख तळाशी जवळजवळ सपाट असतो, याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. सूत्राने दिलेल्या आकारापेक्षा ऑर्डर २५ टक्क्यांनी वाढवली, तर ऑर्डर देण्याचा आणि साठा सांभाळण्याचा एकत्रित खर्च फक्त २.५ टक्के वाढतो, पण फेऱ्या २० टक्क्यांनी घटतात. तुमच्या गाड्या सध्या अर्ध्या भरून येत असतील, तर हा फायदा सरळ हाती लागतो, कारण अर्धी भरलेली गाडी डिझेल काही निम्मे जाळत नाही. गाड्या आधीच भरून येत असतील, तर येथून काही मिळणार नाही.

कार्बनला दर लावून तो खर्चात मिळवावा, असे तुम्ही सुचवले आहे. मी ते करणार नाही. कार्बनच्या टनाला २,००० रुपये लावले तरी कोल्हापूरच्या एका फेरीवर हजाराच्या आतच रक्कम येते आणि भाडे त्याच्या कितीतरी पट असते. त्यामुळे उत्तर जिथल्या तिथे राहते आणि आपण विचार केल्याचे समाधान तेवढे मिळते. त्याऐवजी सर्वांत स्वस्त पर्याय आधी काढा, मग खर्च त्याहून दोन, तीन, पाच टक्के वाढू दिल्यास कार्बन किती कमी होतो हे प्रत्येक वेळी स्वतंत्र मांडा. सुरुवातीच्या एकदोन टक्क्यांत मोठी घट दिसते आणि नंतर ती मंदावते, असेच मी बहुतेक वेळा पाहिले आहे. ती जिथे मंदावते तो आकडा साहेबांपुढे ठेवा.

रेल्वेबद्दल थोडक्यात. मार्च २०२४ मध्ये फक्त मालगाड्यांसाठी बांधलेल्या रेल्वेमार्गाचा न्यू मकरपुरा ते न्यू घोलवड हा भाग सुरू झाला आणि रेल्वेला टनामागे ऊर्जा पुष्कळ कमी लागते, हे खरे. पण तुमचा येणारा माल कंटेनर भरण्याइतका नाही. तयार व्हॉल्व्ह लांबच्या ग्राहकांना एकत्र पाठवता येत असतील, तर तिथे तिचा विचार करा.

निर्णय घेण्याआधी मागच्या सहा महिन्यांच्या बिल्ट्या (मालवाहतुकीच्या पावत्या) काढून प्रत्येक गाडीचे प्रत्यक्ष वजन लिहून घ्या, आणि टेस्ट बेंचच्या रजिस्टरमधून नापास बॉडी पुरवठादारनिहाय वेगळ्या करा. या दोन रकान्यांवरून राजकोट की कोल्हापूर, हे तुम्हाला एका दिवसात कळेल.